आत्याची खाणावळ, तेलकट पाणी आणि लायपेजचे अकरा महिने

२२ मे २०२५ला माझा एमएस्सी बायोटेकचा व्हायवा झाला. नो ड्यूजच्या कागदावर ग्रंथालयाची सही तेवढी राहिली होती, ती परवा मिळाली. आता वही अजून समोर आहे तोवर लिहून टाकते. डिसर्टेशनला इमोबिलाइज्ड लायपेज, म्हणजे घन वस्तूवर बांधलेलं चरबी फोडणारं एन्झाइम, घेतलेल्या कुणालाही हे उपयोगी पडावं. मी सुरुवात केली तेव्हा पेपर हवे तेवढे मिळत होते, पण एन्झाइम अडकवलेले जेलचे मणी विरघळले तर काय चुकलं असेल, हे सांगणारं कुणी सापडत नव्हतं.

विषय घरातूनच आला. मी पुण्यात कर्वेनगरला आत्याकडे राहते. तिची मेस आहे, दोन्ही वेळची साठ-पासष्ट मुलं जेवतात. भांडी घासायच्या मोरीबाहेरचा चेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी तुंबतो. झाकण उघडलं की वर पिवळट पांढरा थर, हिवाळ्यात तर मेणासारखा घट्ट. सळईने फोडून काढावा लागतो. दर वेळी सफाईवाल्याचे सातशे रुपये जातात आणि शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात ती वेगळी. तिसऱ्या सेमिस्टरला गाइड मॅडमनी विचारलं, "कशात काम करायचंय?" तेव्हा मी हा चेंबर सांगितला. मॅडम म्हणाल्या, "लायपेज बघ. पण सुटं नको, बांधून वापर."

लायपेजचं काम थोडक्यात सांगते. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या पाठीला तीन फॅटी ॲसिडं चिकटलेली असतात. लायपेज पाण्याच्या मदतीने ती एकेक करून सोडवतं. आपण खाल्लेलं तूपही आपल्या आतड्यात असंच फुटतं. गंमत अशी की हे एन्झाइम पाण्यात विरघळतं आणि तेल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे सगळं काम तेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवरच होतं. सुटं एन्झाइम वापरलं तर पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणजे एकदाच वापर आणि पैसे पाण्यात. म्हणून ते एखाद्या घन वस्तूवर बसवायचं किंवा तिच्यात अडकवायचं, की गाळून काढून पुन्हा वापरता येतं. कल्पना जुनी आहे. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्येच कोळशावर चिकटलेलं इन्व्हर्टेज हे साखर फोडणारं एन्झाइम काम करतं हे दाखवलं होतं, आणि १९६९ मध्ये जपानच्या तानाबे कंपनीने बांधलेल्या एन्झाइमवर कारखाना चालवला.

८ जुलै २०२४ला सिनॉप्सिस दिला. तीन प्रती, गाइडचं संमतिपत्र, विभागप्रमुखांची सही. सही मिळायला नऊ दिवस लागले, कारण शीर्षकात मी 'वेस्टवॉटर ट्रीटमेंट' लिहिलं होतं आणि सरांचं म्हणणं होतं की एवढा मोठा शब्द वापरू नकोस. तेव्हा वाईट वाटलं. मार्चमध्ये कळलं की त्यांचं बरोबर होतं. पुढे २५ जुलैला खडकवासल्याचा विसर्ग वाढून सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा कॉलेज बंद राहिलं आणि परचेस कमिटीची बैठक पुढे गेली.

आधी माझा विचार होता की एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवसंग्रहातून कल्चर आणायचं आणि लायपेज स्वतःच तयार करायचं. मॅडमनी हिशोब मांडून दाखवला. कल्चर वाढवणं, एन्झाइम वेगळं काढणं, शुद्ध करणं यातच दोन महिने गेले असते आणि बांधण्याचं काम उरलं असतं शेवटी. तुमचा विषय 'बांधणं' असेल तर एन्झाइम विकत घ्या. मी कॅन्डिडा रुगोसा या यीस्टचं लायपेज घेतलं. ते तिन्ही जागची फॅटी ॲसिडं तोडतं. स्वादुपिंडाचं लायपेज मुख्यतः कडेच्या दोन जागाच तोडतं.

विकत घ्यायचं म्हणजे तीन कोटेशनं, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, कमिटीची मंजुरी, मग पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर. एका विक्रेत्याने कोटेशनवर तारीखच घातली नव्हती, तेवढ्यावरून फाइल परत आली. कोटेशन हातात आलं की तारीख, जीएसटी नंबर, मुदत आणि शिक्का तिथेच उभं राहून तपासा. एन्झाइमला ४,८५० रुपये पडले. 'स्टॉकमध्ये आहे' असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. पार्सल आलं १६ सप्टेंबरला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी रस्ते बंद होणार, कॉलेजला सुट्टी, आणि डब्यावर लिहिलेलं 'दोन ते आठ अंशांत ठेवा'. लॅबमधल्या मामांनी संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबून फ्रीजची खोली उघडी ठेवली. ते थांबले नसते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. मागवताना कॅलेंडर बघा, सणाच्या आठवड्यात थंड माल मागवू नका.

पहिलं काम सुट्या एन्झाइमची ताकद मोजायचं. रंगाची पद्धत सोपी आहे, पण तिचं पी-नायट्रोफिनाइल पामिटेट महाग. मी टायट्रेशन घेतलं. ऑलिव्ह तेल आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी मिक्सरमध्ये फिरवून दुधासारखं इमल्शन करायचं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि एन्झाइम घालून ३७ अंशांना अर्धा तास हलवत ठेवायचं, मग अल्कोहोल-ॲसिटोन ओतून क्रिया थांबवायची आणि सुटलेलं ॲसिड सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. माझ्या वहीतलं एक वाचन देते. ब्लँकला (एन्झाइमशिवायच्या फ्लास्कला) २.१ मिली, एन्झाइमच्या फ्लास्कला ६.३ मिली. फरक ४.२ मिली. हायड्रॉक्साइड ०.०५ नॉर्मल तीव्रतेचं, त्या हिशोबाने २१० मायक्रोमोल, ३० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ७. हे ७ युनिट.

हिशोब सुरेख दिसत होता, पण पंधरा दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटी हायड्रॉक्साइडची बाटलीच ऑक्झॅलिक ॲसिडने तपासली. चिठ्ठीवर ०.०५, प्रत्यक्षात ०.०४४. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते सतत पितं. माझे सगळे आकडे जवळजवळ चौदा टक्क्यांनी फुगलेले होते. त्यानंतर दर सोमवारी बाटली तपासून तारीख लिहायची सवय लावली. टायट्रेशनच्या शेवटी येणाऱ्या गुलाबी रंगाचंही तसंच. फिकट गुलाबी तीस सेकंद टिकला की थांबायचं. नंतर तो उडतोच, त्याच्या मागे थेंब घालत बसू नका.

ऑक्टोबरमध्ये मणी. सोडियम अल्जिनेट हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात. त्याचं दोन टक्क्यांचं द्रावण करायचं, त्यात एन्झाइम मिसळायचं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. थेंब पाण्याला लागताच गोठतो आणि मणी तळाशी जातो. द्रावण करताना अल्जिनेटची पूड पाण्यात एकदम ओतली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, म्हणून स्टरर चालू ठेवून चिमटी-चिमटीने भुरभुरायचं. द्रावण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणजे बुडबुडे निघून जातात. बुडबुडा राहिला की मणी तरंगतो. सुई २२ गेजची, उंची साधारण चार बोटं. पहिल्या दिवशी माझे मणी शेपटीवाले आले होते, टॅडपोलसारखे. तिसऱ्या दिवशी गोल यायला लागले. साबुदाण्यापेक्षा जरा मोठे, दुधी, बोटात दाबले की किंचित मागे रेटणारे. बीकर खिडकीत धरून मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. मणी धुतले, ज्या फॉस्फेट बफरमध्ये सुट्या एन्झाइमचं काम केलं होतं त्यातच, पीएच ७ला, ठेवले आणि घरी गेले. शनिवारी सकाळी बीकर उघडला तर मणी नव्हते. तांदळाच्या पेजेसारखं गढूळ पाणी, तळाशी पांढरा साका आणि मध्ये दोन-चार सुजलेले, कडा विरघळलेले गोळे. चमच्याने उचलायला गेले तर तेही फुटले. एन्झाइमच्या डब्यातला जवळजवळ चौथा भाग त्यात गेला होता. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. मामांनी पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही.

कारण साधं होतं आणि मला ते माहीत असायला हवं होतं. अल्जिनेटच्या साखळ्यांना कॅल्शियमनेच एकत्र धरून ठेवलेलं असतं. फॉस्फेटला कॅल्शियम फार प्रिय, तो कॅल्शियम फॉस्फेट करून ते ओढून घेतो. तळाचा पांढरा साका तोच होता. कॅल्शियम गेलं की मणी सुटतो. सायट्रेट आणि ईडीटीएसुद्धा हेच करतात. अल्जिनेटचे मणी ट्रिस बफरमध्ये ठेवा आणि त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला. पूर्ण डब्याने प्रयोग करण्याआधी पाच मणी त्या बफरमध्ये एक रात्र ठेवून बघा, एवढं केलं असतं तर माझा आठवडा वाचला असता.

दिवाळीनंतर ट्रिसमध्ये नव्याने सुरुवात केली. मणी टिकले, पण सुट्या एन्झाइमच्या जेमतेम २२ टक्के काम करत होते. धुतलेल्या पाण्यात ब्रॅडफर्डचा (प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीचा) रंग निळा येत होता, म्हणजे काही प्रथिन गळत होतं, पण एवढ्याने आकडा इतका खाली येत नाही. मॅडमनी फळ्यावर चित्र काढलं. जेलची भोकं नॅनोमीटरमध्ये, इमल्शनमधला तेलाचा थेंब मायक्रॉनमध्ये. साखरेसारखा विरघळणारा रेणू मण्याच्या आत शिरतो. तेलाचा थेंब दाराशीच थांबतो. आत अडकवलेलं बहुतेक लायपेज उपाशी बसलेलं होतं आणि काम करत होतं फक्त पृष्ठभागावरचं. मणी ३ मिलीमीटरवरून दीडवर आणले तेव्हा आकडा वाढला, त्यावरून हे पटलं. अल्जिनेट स्वस्त आणि दिसायला देखणं म्हणून सगळे त्याने सुरुवात करतात. तेलासाठी मात्र एन्झाइम बाहेरच्या अंगाला बसलेलं हवं. उद्योगात लायपेज रेझिनच्या किंवा सिलिकाच्या सच्छिद्र कणांवर बसवतात, त्यामागेही हेच आहे.

डिसेंबरमध्ये कायटोसानकडे वळले. हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळतं. २,१५० रुपये. एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंब सोडायचे. मणी तयार झाले की पाणी उदासीन होईपर्यंत धुवायचे, मग ग्लुटारल्डिहाइडमध्ये दोन तास. पांढरे मणी हळूहळू पिवळे होतात. तो रंग आला की एन्झाइमला पकडायला हात तयार झाले असं समजायचं. मग एन्झाइमच्या द्रावणात रात्रभर ४ अंशांना. इथे फॉस्फेट चालतो. ग्लुटारल्डिहाइड फ्यूम हूडखालीच उघडा, हातमोजे आणि चष्मा घालून. मी एकदा घाईत टेबलावर उघडलं आणि दिवसभर डोळे चुरचुरत होते. नंतर मणी इतके धुवा की वास अजिबात राहू नये, कारण उरलेलं ग्लुटारल्डिहाइड पुढे घातलेल्या प्रत्येक प्रथिनाला चिकटतं. हे मणी ४१ टक्के काम करत होते आणि आठ वेळा वापरल्यावर त्यातलं ६८ टक्के शिल्लक होतं. प्रत्येक फेरीत रिकाम्या मण्यांचा कंट्रोल ठेवा. कायटोसान स्वतः आम्लारी आहे, सुटलेलं फॅटी ॲसिड थोडं तेही धरून ठेवतं.

जानेवारीत खरं पाणी आणलं. दुपारी अडीचला, मुलं जेवून गेल्यावर. पहिल्या तीन नमुन्यांत एन्झाइम जवळजवळ गप्प. भांड्यांच्या साबणातला फेसाळणारा घटक प्रथिनाची घडी मोडतो, हे लक्षात यायला आठवडा गेला. आत्याला विचारलं, "साबण लावायच्या आधीचं पहिलं पाणी वेगळ्या बादलीत काढता येईल का गं?" ती म्हणाली, "एवढंच ना? ताटं आधी पुसून घ्यायला सांगते आणि बादली ठेवते." दुसऱ्या दिवसापासून निळी बादली ठरली. कढईतलं तळणीचं तेल ती मोरीत ओततच नाही, डब्यात साठवून वापरलेलं तेल नेणाऱ्याला देते. जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल खराब होताना वाढणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर चालत नाहीत हे तिला फूड लायसन्सच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला त्यातून वेगळीच गोष्ट कळली. तळताना भाजीतल्या पाण्याने तेल आधीच थोडं फुटलेलं असतं, म्हणून सुरुवातीची ॲसिड व्हॅल्यू (सुट्या फॅटी ॲसिडचं माप) मोजल्याशिवाय पुढचे आकडे धरू नयेत.

ऑइल अँड ग्रीसची, म्हणजे पाण्यातल्या एकूण तेल-चरबीची, तपासणी बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडून करून घेतली. सहा नमुने, प्रत्येकी ६००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,२४८ रुपये. बाटली काचेची, रुंद तोंडाची हवी. नमुन्याने आधी विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच २च्या खाली न्यायचा आणि बर्फात ठेवायचं. पीएमटीच्या बसमध्ये मांडीवर थर्मोकोलचा डबा घेऊन मी दोनदा गेले.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. लायपेज लावण्याआधी लिटरला १,१८० मिलिग्रॅम. लावल्यानंतर १,१५०.

मी तो कागद तीनदा वाचला. सात महिने, आणि फरक तीसचा. रात्री झोप लागली नाही. सकाळी मॅडमच्या केबिनबाहेर साडेनऊपासून उभी होते. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "ट्रायओलिनचा रेणुभार काढ." ८८५. ट्रायओलिन म्हणजे तेलाचा एक रेणू, त्यातून ओलेइक ॲसिड या फॅटी ॲसिडचे तीन रेणू निघतात, मिळून ८४७. म्हणजे तेल शंभर टक्के फोडलं तरी वजनातले जवळजवळ ९६ टक्के फॅटी ॲसिड म्हणून तिथेच असतात. पाण्यात जातं ते फक्त ग्लिसरॉल. आणि ही तपासणी नमुना आम्ल करून हेक्झेन या द्रावकाने जे काही ओढून निघेल त्याचं वजन करते. फॅटी ॲसिडही त्यात मोजलं जातं. लायपेजने काम केलं होतं. मी चुकीचं मोजत होते. विभागप्रमुखांनी 'ट्रीटमेंट' शब्द का काढायला लावला, तेही त्या सकाळी उमगलं.

मग पद्धत बदलली. हेक्झेनने काढलेल्या अर्काची ॲसिड व्हॅल्यू काढली, ११८. सुरुवातीची ४. मूळ तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, म्हणजे सगळी फॅटी ॲसिडं धरून येणारं तेच माप, १९०. सुरुवातीचे ४ दोन्हीकडून वजा केले तर ११४ भागिले १८६, म्हणजे ६१ टक्के बंध तुटले होते. बारा तासांत, बादलीतल्या खऱ्या पाण्यात. हा आकडा वहीत लिहिताना हात थरथरला.

फुटलेलं फॅटी ॲसिड संपवायचं काम जिवाणूंचं. मार्चच्या शेवटी एका सोसायटीच्या एसटीपीतला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतला) गाळ आणला. दोन जारमध्ये हवा सोडून तीन दिवस ठेवलं, एकात साधं पाणी, दुसऱ्यात लायपेजमधून गेलेलं. साध्यात ऑइल अँड ग्रीस लिटरला ६४० मिलिग्रॅम उरलं, दुसऱ्यात ३१०. हे फक्त दोनदा केलंय, त्यामुळे थिसिसमध्ये निष्कर्षात न घालता 'पुढील काम' या भागात लिहिलं. सार्वजनिक गटारात सोडायची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे. ३१० म्हणजे अजून बराच पल्ला.

एप्रिल लिहिण्यात गेला. साम्य तपासणीचा दाखला ग्रंथालयातून घ्यावा लागतो, मर्यादा १० टक्के. माझं पहिल्यांदा १७ आलं, सगळं 'साहित्य आणि पद्धती'मध्ये. त्या भागातल्या पाठ वाक्यांना स्वतःच्या शब्दांत बसवायला चार दिवस लागले. ते आधीच धरून ठेवा. काळ्या बाइंडिंगच्या चार प्रती १,८०० रुपये, छपाई १,१००. रसायनं, लॅब, सगळं धरून एकूण १५,६७८ झाले. विभागाने ८,००० दिले, बाकीचे घरचे. बिलं मूळ लागतात, झेरॉक्स चालत नाही.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बराच वेळ पानं उलटली आणि एकच प्रश्न लांबवून विचारला, "चरबी गेली कुठे?" मी फळ्यावर ८८५ आणि ८४७ लिहिलं. ते मान हलवत राहिले आणि मग म्हणाले, "गाळाच्या जारबद्दल सांग."

आत्याला घरी येऊन सांगितलं की माझे मणी चेंबरला लगेच लावता येणार नाहीत, साबणाचं पाणी त्यांना चालत नाही आणि मागून जिवाणूंची टाकीही लागेल. ती म्हणाली, "मग तोवर काय करू ते सांग." ताटं पुसून घेणं चालूच आहे. गेल्या आठवड्यात मोरीखाली दोन कप्प्यांचा ग्रीस ट्रॅप बसवला, दर रविवारी सकाळी त्याचा थर मी काढते. उरलेले कायटोसानचे मणी लॅबच्या फ्रीजमध्ये आहेत आणि गाळाचं काम एक ज्युनिअर पुढे नेणार आहे. तिला वही दिली तेव्हा पहिल्या पानावर हायड्रॉक्साइड शेवटचं कधी तपासलं ती तारीख लिहून दिली.